स्ट्रेस थॅलियम कुणाची करावी?

८७ आणि ७३. ट्रेडमिलवर चालवून केलेल्या हृदयाच्या न्यूक्लियर चाचणीबद्दल २००३ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी नोंदवलेल्या या दोन सरासरी टक्केवाऱ्या आहेत. करोनरी धमनीत मोठा अडथळा असलेल्या १०० जणांपैकी ८७ जण चाचणी हेरते. अडथळा नसलेल्या १०० जणांपैकी ७३ जणांचा रिपोर्ट नॉर्मल देते. नुसत्या कार्डिओग्रामच्या स्ट्रेस टेस्टमध्ये पहिला आकडा ६८ च्या आसपास राहतो. म्हणजे चाचणी चांगलीच आहे. तरीही पॉझिटिव्ह रिपोर्टचा अर्थ या दोन आकड्यांवरून लागत नाही. त्यासाठी तिसरा आकडा लागतो, आणि तो रिपोर्टवर छापलेला नसतो: चाचणीआधीच त्या माणसाला आजार असण्याची शक्यता किती होती?

समजा, १००० जण आहेत. छातीत दुखत नाही, दम लागत नाही, नुसतं चेकअप पॅकेज घेतलंय. यांच्यात आजाराचं प्रमाण ५ टक्के धरू. आजारी ५०, त्यातले साधारण ४४ सापडतील. उरलेल्या ९५० निरोगी लोकांपैकी २५७ जणांचा रिपोर्टही पॉझिटिव्ह येईल. एकूण पॉझिटिव्ह ३०१, खरे आजारी ४४. शंभरातले पंधराच.

आता दुसरे १००० जण घ्या. जिना चढताना छाती भरून येते, थांबलं की बरं वाटतं, वय साठीच्या पुढे, सोबत मधुमेह. इथे प्रमाण ५० टक्के धरलं, तर ५७० पॉझिटिव्ह येतील आणि त्यात खरे आजारी ४३५, म्हणजे शंभरात ७६. यंत्र तेच, औषध तेच, डॉक्टरही तेच. मात्र या गटात आजार असूनही ६५ जणांचा रिपोर्ट नॉर्मल येईल, हेही विसरून चालणार नाही. नॉर्मल रिपोर्ट आलेल्या फार थोड्यांचीच अँजिओग्राफी होते, त्यामुळे ७३ हा आकडा जरा कमी दिसतो असं तज्ज्ञ म्हणतात, आणि ते खरं आहे. पण हिशेबाची दिशा त्याने बदलत नाही.

चाचणीत ताण का द्यावा लागतो, त्याचंही उत्तर आकड्यांतच आहे. धमनी ८५ टक्क्यांपर्यंत अरुंद झाली तरी आरामात बसलेल्या माणसाच्या हृदयाला रक्त पुरतं. जास्त रक्त लागतं तेव्हा निरोगी धमनी प्रवाह चौपट-पाचपट वाढवते. ५० टक्के अरुंद झालेली धमनी तिथे कमी पडू लागते. म्हणून साठ वर्षांच्या माणसाचे ठोके मिनिटाला निदान १३६ पर्यंत नेतात (२२० वजा वय, त्याचे ८५ टक्के), तेव्हाच शिरेतून किरणोत्सारी औषध सोडतात आणि वर मिनिटभर चालवतात. पाय साथ देत नसतील तर अॅडेनोसिनसारखं औषध देऊन धमन्या फुलवतात. सकाळचा चहा इथे आडवा येतो: कॅफीन या औषधाचा परिणाम अडवतं, म्हणून निदान १२ तास चहा-कॉफी बंद.

नाव 'थॅलियम' राहिलं असलं, तरी ७३ तास अर्धायुष्य असलेल्या थॅलियमची जागा बहुतेक ठिकाणी ६ तासांच्या टेक्नेशियमने घेतली आहे. किरणोत्साराची मात्रा त्यामुळे उतरली. ताण आणि आराम अशा दोन्ही प्रतिमा काढल्या तर ती साधारण १० मिलिसिव्हर्ट होते. निसर्गातून आपल्याला वर्षाला सरासरी २.४ मिळतात. आधी ताणाची प्रतिमा काढून ती स्वच्छ निघाली, तर आरामाची काढायची गरज नाही आणि मात्रा तिसऱ्या हिश्श्यावर येते. रुग्णाने याबद्दल जरूर विचारावं.

आणि रिपोर्ट खरोखरच पॉझिटिव्ह निघाला तर लगेच स्टेंट? 'इस्किमिया' या चाचणी-अभ्यासात ३७ देशांतले ५१७९ रुग्ण होते, भारतातलेही. ताणचाचणीत मध्यम किंवा तीव्र दोष दिसणं ही सहभागाची अट होती. निम्म्यांना औषधांसोबत अँजिओग्राफी व गरजेनुसार स्टेंट किंवा बायपास, निम्म्यांना आधी फक्त औषधं. साधारण सव्वातीन वर्षांत पहिल्या गटात १४५ मृत्यू, दुसऱ्यात १४४. डाव्या मुख्य धमनीत मोठा अडथळा असलेले रुग्ण या अभ्यासात नव्हते. त्यांना हा निष्कर्ष लागू नाही. ज्यांना वारंवार छातीत दुखत होतं, त्यांना स्टेंट-बायपासने स्पष्ट आराम पडला. आधीच्या महिनाभरात दुखलंच नव्हतं असे ३५ टक्के रुग्ण होते. त्यांच्या रोजच्या जगण्यात फारसा फरक पडला नाही.