उष्णतेचा ताळेबंद

संगणकाच्या प्रोसेसरास कारखान्याने नेमून दिलेल्या वेगापलीकडे धावावयास लावण्याचा जो खटाटोप ओव्हरक्लॉकिंग या नावाने ओळखला जातो, त्याविषयीचा उपदेश आजच्या हौशी तरुणास हवा तेवढा मिळतो; परंतु हा उपदेश करणारे बहुतेक परीक्षक आपली यंत्रे ज्या खोलीत तपासतात तेथील हवा बारा महिने वीस-बावीस अंशांवर राखलेली असते, याचा उल्लेख झालाच तर तळटीपेत होतो. अहिल्यानगर जिल्हा हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील मुलूख. येथे वैशाखात दुपारी पारा चाळिशीस भिडतो, पौषात पहाटे तोच दहाच्या खाली घसरतो, आणि ज्या घरात संगणक ठेवावयाचा ते घर, मग ते नगर शहराच्या माळीवाड्यातील जुने असो की सावेडीतील नवे, बाहेरच्या ऋतूस फारसे परके नसते. अशा ठिकाणी राहणाऱ्याने प्रोसेसर आणि मदरबोर्ड यांची निवड करावयाची, तर बाजारातील कोष्टके उघडण्यापूर्वी आपल्या खोलीची हवा पाहावी, हे दाखवून देण्याचा या लेखाचा हेतू आहे.

प्रोसेसरच्या अंतरंगातील सर्व व्यवहार एका ठोक्यावर चालतो. क्वार्ट्झच्या स्फटिकाच्या आधाराने मदरबोर्डवर सेकंदास दहा कोटी, म्हणजे १०० मेगाहर्ट्झ, असा मूळ ठोका सिद्ध होतो. प्रोसेसर त्यास आपल्या गुणकाने गुणतो, आणि गुणक ५० असेल तर ५ गिगाहर्ट्झ हा वेग मिळतो. या वेगाने दोन ठोक्यांमधील अवकाश सेकंदाच्या पाच अब्जाव्या भागाइतका उरतो, आणि तेवढ्या अवधीत प्रकाशसुद्धा निर्वात पोकळीत जेमतेम ६ सेंटिमीटर अंतर कापतो. एवढ्या अल्प अवकाशात ट्रान्झिस्टरांच्या एका साखळीने आपले उत्तर तयार करून पुढील साखळीच्या हवाली करावयाचे असते. ते वेळेवर पोहोचले नाही, तर अर्धवट आकडाच खरा म्हणून नोंदला जातो, आणि संगणक बंद पडतो, किंवा, जे अधिक अनर्थकारक, बंद न पडता चुकीचे उत्तर देत राहतो.

आता, सिलिकॉनच्या एकाच चकतीतून कापलेले दोन प्रोसेसरही तंतोतंत सारखे निपजत नाहीत. कारखानदार प्रत्येकाची परीक्षा घेऊन त्यांची प्रतवारी लावतो, आणि सर्वांत मंद नगही सर्वांत प्रतिकूल परिस्थितीत निभावून जाईल इतकी राखीव सूट ठेवून वेगाचा आकडा जाहीर करतो. ओव्हरक्लॉकिंग करणारा या राखीव सुटीवर हक्क सांगतो. ती संपली की पुढचा मार्ग व्होल्टेज वाढविण्याचा; कारण दाब अधिक असेल तर ट्रान्झिस्टर अधिक त्वरेने पलटतात. मात्र येथे निसर्गाचा कायदा आडवा येतो. ट्रान्झिस्टरांच्या उलाढालीतून निर्माण होणारी उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते, आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग १० टक्क्यांनी वाढविला आणि त्यासाठी व्होल्टेजही १० टक्क्यांनी वाढवावे लागले, तर १.१ चा घन करावा लागतो, तो १.३३ येतो. दहा टक्क्यांच्या लाभासाठी तेहेतीस टक्के अधिक उष्णता पदरात घ्यावी लागते, हा या छंदातील मूळ सौदा आहे.

एके काळी हा सौदा फार किफायतशीर होता. १९९८ साली इंटेल कंपनीने सेलेरॉन ३००ए या नावाचा एक स्वस्त प्रोसेसर बाजारात आणला. त्याचा गुणक साडेचारावर कायमचा कुलूपबंद होता. परंतु मूळ ठोका ठरविण्याचा अधिकार मदरबोर्डकडे होता, आणि ४४०बीएक्स हा चिपसेट, म्हणजे बोर्डवरील नियंत्रक चिपांचा संच, असलेले मदरबोर्ड ६६ ऐवजी १०० मेगाहर्ट्झचा ठोका देण्यास मुळातच समर्थ होते. तेवढा एक बदल केला की ३०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर ४५० वर चालू लागे, आणि त्याच सुमारास निघालेल्या कितीतरी महाग पेंटियम २ ची बरोबरी करी. यामागील कारण मनोरंजक आहे. पेंटियम २ ची कॅश स्मृती वेगळ्या चिपांत, निम्म्या वेगाने चालणारी होती. सेलेरॉनची १२८ किलोबाइटची छोटी कॅश प्रोसेसरच्याच सिलिकॉनवर कोरलेली असल्यामुळे वाढलेल्या वेगाशी ती सहज जुळवून घेत असे. प्रोसेसरची मर्यादा आणि मदरबोर्डची मुभा यांचा विचार एकत्रच करावा लागतो, हा धडा त्या प्रकरणाने घालून दिला.

कारखानदारांनीही तो धडा गिरविला. २०११ पासून इंटेलच्या घरगुती प्रोसेसरांत मूळ ठोक्यावर इतर अनेक व्यवस्था अवलंबून राहिल्याने तो फारसा हलविता येईनासा झाला, आणि गुणक मोकळा सोडण्याची सनद ज्यांच्या नावाच्या अखेरीस ‘के’ हे अक्षर आहे अशा प्रोसेसरांपुरती राहिली. शिवाय ती सनद ‘झेड’ मालिकेच्या चिपसेटवरच मान्य होते, ‘बी’ आणि ‘एच’ मालिकांवर गुणकास हात लावण्यास मनाई असते. एएमडी कंपनीने २०१७ साली रायझन आणताना अधिक उदार धोरण पत्करले: प्रोसेसर सरसकट मोकळे, आणि ‘एक्स’प्रमाणे ‘बी’ मालिकेच्या मदरबोर्डवरही परवानगी, केवळ ‘ए’ मालिका वगळलेली. याही नियमास अपवाद आहे. २०२२ च्या ५८००एक्स३डी या प्रोसेसरात कॅशचा जादा थर गाभ्याच्या माथ्यावर बसविलेला असल्यामुळे त्यास उष्णता आणि व्होल्टेज सोसत नसे, आणि म्हणून त्याचा गुणक बंदच ठेवला होता. २०२४ च्या ९८००एक्स३डी मध्ये तो थर गाभ्याखाली नेल्यावर कुलूप निघाले. हे सर्व खरेदीपूर्वी पाहावयाचे, कारण ‘के’ अक्षराचा जादा दाम मोजून त्याच्याखाली ‘बी’ मालिकेचा मदरबोर्ड घेणारा ग्राहक मोजलेल्या पैशाचा अर्धाच माल घरी नेतो.

येथवरचा विचार कोणत्याही गावास लागू पडतो. नगरपुरता विचार करावयाचा तर नगर तालुक्यातीलच हिवरे बाजारचे उदाहरण घ्यावे. पद्मश्री पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली या गावाने पाण्याचा ताळेबंद मांडण्याचा परिपाठ ठेवला आहे: पाऊस किती पडला, जमिनीत किती मुरला, पिण्यास आणि गुरांस किती लागणार, हे प्रथम मांडावयाचे, आणि मग उरलेल्या पाण्यावर कोणती पिके घ्यावयाची ते गावाने ठरवावयाचे, उसासारख्या तहानलेल्या पिकास तेथे स्थान नाही. ओव्हरक्लॉकिंगमध्ये पाण्याच्या जागी उष्णता वाहून नेण्याची शक्ती ठेवली की हीच रीत जशीच्या तशी चालते. प्रथम जमा, नंतर खर्च.

जमेची बाजू अशी मांडता येते. प्रोसेसरच्या गाभ्याचे तापमान म्हणजे खोलीचे तापमान अधिक त्यावरील चढ. आणि हा चढ प्रोसेसर किती वॉट उष्णता ओकतो आणि त्यावर बसविलेला पंखा व हीटसिंक ती किती सहजतेने हवेत सोडतात यांवर ठरतो. समजा, एका चांगल्या प्रतीच्या हीटसिंकसह दर वॉटमागे ०.३ अंश असा चढ होतो, आणि गाभा ९० अंशांच्या वर जाऊ द्यावयाचा नाही असा निश्चय आहे. पौषात खोली २० अंशांवर असता ७० अंशांची शिल्लक राहते, म्हणजे सुमारे २३३ वॉट खर्च करण्याची ऐपत. वैशाखात खोली ३८ वर गेली की शिल्लक ५२ अंश, आणि ऐपत १७३ वॉटवर येते. हीटसिंक तोच, पंखा तोच, परंतु एक चतुर्थांश भांडवल ऋतूनेच वजा केले. उष्णता घनाच्या हिशेबाने वाढते हे ध्यानात घेऊन या तुटीचे वेगात रूपांतर केले, तर ती नऊ टक्क्यांच्या आसपास भरते. आजचे प्रोसेसर आपल्या अंगची बहुतेक शक्ती कारखान्यातूनच वापरावयास काढतात, आणि त्यामुळे हौशी मनुष्यास हाताने मिळणारी वाढ बहुधा एवढीही नसते. अर्थात ओव्हरक्लॉकिंगने जे मिळवावयाचे, त्याहून अधिक वैशाख परत घेऊन जातो. त्यातच नगर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर असल्यामुळे येथील हवा मुंबईच्या मानाने सात टक्क्यांच्या आसपास विरळ आहे, आणि पंख्याच्या प्रत्येक फेऱ्यात तेवढी कमी हवा उष्णता वाहावयास येते.

खर्चाच्या बाजूस प्रोसेसर. इंटेलच्या आय९-१४९००के ची कमाल मागणी २५३ वॉट आहे. वरील ताळेबंदात तो पौषातही बसत नाही. आय५-१४६००के ची १८१ वॉट. तो हिवाळ्यात सुखाने नांदेल आणि उन्हाळ्यात सीमेवर अडखळेल. रायझन ७ ७७०० हा ६५ वॉटच्या वर्गातील प्रोसेसर असून त्यास सॉकेटमधून घेता येणारी शक्ती ८८ वॉटवर बांधलेली आहे. वाढविण्यास जागा शिल्लक आहे ती अशा प्रोसेसरात. सर्वांत वरच्या श्रेणीचा प्रोसेसर घेऊन त्यास उन्हाळाभर गुदमरत ठेवण्यापेक्षा मधल्या श्रेणीचा घेऊन त्यास मोकळा श्वास द्यावा, हे या हिशेबाचे उघड अनुमान आहे. एक सावधगिरी मात्र हवी: नव्या प्रोसेसरांचा गाभा लहान असल्यामुळे तेवढेच वॉट कमी क्षेत्रफळातून बाहेर पडतात, आणि दर वॉटमागचा चढ वर गृहीत धरलेल्या आकड्याहून अधिक होऊ शकतो.

मदरबोर्डची परीक्षा चिपसेटच्या परवानगीवर संपत नाही. खरी परीक्षा सॉकेटभोवतीच्या व्होल्टेज नियंत्रक विभागाची. पॉवर सप्लायकडून येणारे १२ व्होल्ट हा विभाग सव्वा व्होल्टच्या आसपास उतरवून प्रोसेसरास पुरवितो. २०० वॉट सव्वा व्होल्टवर द्यावयाचे म्हणजे १६० अँपिअरचा प्रवाह झाला. घरातील गीझरच्या जाड प्लगची मर्यादा १६ अँपिअर असते हे आठवले म्हणजे या विभागातील मॉस्फेट नावाच्या चिमुकल्या ट्रान्झिस्टरांवरील भाराची कल्पना येईल. म्हणून हा भार अनेक टप्प्यांत वाटून दिलेला असतो. जाहिरातीत टप्प्यांची संख्या मोठ्या अक्षरांत छापतात. ग्राहकाने त्याऐवजी प्रत्येक टप्पा किती अँपिअर सोसतो, आणि त्यावर बसविलेला धातूचा ठोकळा खरोखर पाती काढलेला व जड आहे की नुसता शोभेचा पत्रा आहे, ते पाहावे. हा विभाग नव्वद टक्के कार्यक्षम असला तरी २०० वॉटमागे वीसेक वॉट त्याच्याच अंगावर विरतात, आणि वैशाखात त्यास थंड करणारी हवाही चाळीस अंशांचीच असते. हलक्या बोर्डांवर प्रथम तापून हात टेकतो तो हाच विभाग, आणि मग प्रोसेसर थंड असूनही वेग खाली ओढला जातो.

जादा व्होल्टेजचा मोह किती महाग पडतो, याचे दाखले खुद्द कारखानदारांनीच दिले आहेत. २०२३ साली एएमडीच्या ७००० मालिकेतील काही एक्स३डी प्रोसेसर सॉकेटमध्येच जळाल्यावर एसओसी व्होल्टेजवर, म्हणजे प्रोसेसरातील स्मृती-नियंत्रकादी भागांस मिळणाऱ्या व्होल्टेजवर, १.३ व्होल्टची मर्यादा घालावी लागली. २०२४ साली इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील प्रोसेसर गरजेपेक्षा अधिक व्होल्टेज मागून अकाली क्षीण होत असल्याचे कंपनीने मान्य केले, मागणीस १.५५ व्होल्टचा बांध घालणारी मायक्रोकोडची दुरुस्ती काढली, आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढविली. सिलिकॉनची ही झीज भरून निघत नाही. यास्तव शहाणे लोक अलीकडे उलट दिशेने जातात: वेग तोच ठेवून व्होल्टेज पायरीपायरीने उतरवितात, आणि वाचलेली उष्णता प्रोसेसरच्या स्वतःच्या वेगवाढीस उपलब्ध करून देतात. रायझनच्या मदरबोर्डांत यासाठी कर्व्ह ऑप्टिमायझर नावाची सोय बायोसमध्येच, म्हणजे बोर्डच्या मूळ आज्ञावलीतच, असते. आपल्या उन्हाळ्यास हीच रीत अधिक मानवते.

बायोसचा विषय निघाला म्हणून सांगावयाचे, की जिल्ह्याच्या ज्या भागांत वीज केव्हा जाईल याची शाश्वती नाही, तेथे बायोसची नवी आवृत्ती लिहिली जात असता पुरवठा खंडित झाल्यास मदरबोर्ड निकामी होऊ शकतो. यूपीएस तर हवाच. परंतु यूएसबी लावून मृत बायोस पुन्हा जिवंत करणारे फ्लॅशबॅकचे बटण असलेला बोर्ड थोडा महाग असला तरी घ्यावा. धूळ हा दुसरा शत्रू. कोरड्या दिवसांत हीटसिंकच्या पात्यांत ती साचली, की ताळेबंदातील ०.३ हा आकडा चढत जातो.

राहिला प्रश्न खोलीचा, आणि येथे नगरच्या हवेने एक उपकारही केला आहे. चाळीस अंशांच्या कोरड्या दुपारी हवेची आर्द्रता २० टक्क्यांवर असेल, तर पाण्याच्या बाष्पीभवनाने ती तत्त्वतः २३ अंशांच्या जवळपास थंड होऊ शकते. साधा वाळ्याचा कूलर त्यातील बराचसा पल्ला गाठतो. येथील निजामशाहीच्या स्थापत्यकारांना याची जाण असावी. शहराच्या आग्नेयेस सोळाव्या शतकात उभारलेला फराहबक्ष महाल त्यांनी तलावाच्या मधोमध बांधला, पाण्यावरून येणारा वारा आत यावा अशा बेताने. मुंबईच्या दमट हवेत जो कूलर निरुपयोगी, तो नगरात प्रोसेसरास पौषाच्या निकट नेतो. फक्त त्याचा झोत थेट संगणकावर सोडू नये. तुषारांतील क्षार बोर्डवर साचतात.

सारांश, खरेदीचा क्रम असा असावा: प्रथम उन्हाळ्यातील खोलीचे तापमान, त्यावरून वॉटची ऐपत, त्या ऐपतीत निश्चिंत बसणारा मोकळ्या गुणकाचा मधल्या श्रेणीचा प्रोसेसर, आणि त्यास परवानगी देणारा, भक्कम नियंत्रकाचा मदरबोर्ड. अंतिम कसोटी डिसेंबरात घेऊन समाधान मानू नये. मे महिन्यात भर दुपारी, संगणकास काही तास पूर्ण भार देऊन जो वेग टिकतो, तोच त्याचा हक्काचा वेग समजावा. थंडीत त्यावर जे मिळेल ते वरकड.