यादी वाचावी लागते, लुंगी दिसते

वसई रोडला गाडी पकडायच्या घाईत स्टॉलवरचा अंक कुणी चाळत नाही. मुखपृष्ठावर नजर जाते, तेवढीच. या एका नजरेचं राजकीय मोल मराठीत ‘मार्मिक’ने ओळखलं.

महाराष्ट्र राज्य होऊन साडेतीन महिने झाले होते. १३ ऑगस्ट १९६० रोजी यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते या व्यंगचित्र साप्ताहिकाचं प्रकाशन झालं. नाव वडील प्रबोधनकार ठाकरे यांनी सुचवलेलं, रेषा बाळ आणि श्रीकांत या ठाकरे बंधूंच्या. ‘फ्री प्रेस जर्नल’ सोडून आलेल्या बाळासाहेबांवर ब्रिटिश व्यंगचित्रकार डेव्हिड लो यांचा प्रभाव होता. काँग्रेसच्या मुख्यमंत्र्यांच्या हस्ते निघालेल्या या अंकाने पुढे काँग्रेस पुढाऱ्यांनाच सोललं, ही त्यातली गंमत.

व्यंगचित्राची लिपी साधी असते. टोपी आणि गुलाब म्हणजे नेहरू. लांब नाक आणि केसांतली पांढरी बट म्हणजे इंदिराबाई. नाव लिहावं लागत नाही. मग आकार बोलू लागतो: कोण मोठा, कोण कुणाच्या पायाशी, कुणाची पाठ वाचकाकडे. पेहरावावरून प्रांतही कळतो, लुंगी म्हणजे दाक्षिणात्य, आणि धोका इथेच आहे. ‘वाचा आणि थंड बसा’ या सदरात ‘मार्मिक’ कंपन्यांतल्या अमराठी अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापत असे. यादी वाचायला वेळ लागतो. लुंगी दिसायला लागत नाही. पुढाऱ्याचं नाक वाढवणं ही टीका झाली. पण लुंगी नेसणारा प्रत्येक जण एकच ठरला, की ती टीका राहत नाही. कुंचल्याच्या ताकदीला दाद देतानाही हे म्हणायलाच हवं.

१९ जून १९६६ला शिवसेना स्थापन झाली. तिचा डरकाळी फोडणारा वाघही बाळासाहेबांच्याच कुंचल्यातला.

वसई-विरारकरांना चिन्हाचं महत्त्व वेगळं सांगायला नको. बहुजन विकास आघाडी म्हणजे शिट्टी, हे इथे पोरंसोरंही सांगतील. २०१९च्या लोकसभेला पालघरमध्ये आघाडीला शिट्टीऐवजी रिक्षा घेऊन मतदारांपुढे जावं लागलं. चिन्ह निवडणूक आयोग देतो आणि काढूनही घेतो. २०२३मध्ये शिवसेनेचा धनुष्यबाण शिंदे गटाकडे गेला. वाघ मात्र आयोगाने दिलेला नव्हता; त्यावर शिंदे आणि ठाकरे हे दोन्ही गट आजही हक्क सांगतात.

‘मार्मिक’चे जुने अंक कुठे हाती लागले, तर मथळा झाकून मुखपृष्ठ बघा. कोण मोठा काढलाय, ते आधी पाहा. आणि कुणाला चेहराच दिलेला नाही, तेही.