भविष्यकाळाच्या वास्तूंचा जीर्णोद्धार

साष्टीच्या पश्चिमेस खाडीपलीकडे धारावी म्हणून जें बेट आहे, तें वसईच्या मोहिमेचे (इ. स. १७३७–३९) कागद चाळणारांच्या चांगल्या परिचयाचें आहे. (मुंबईंतील दाट वस्तीची धारावी ती निराळी.) याच बेटावर गोराई गांवानजीक १९८९ सालीं एस्सेलवर्ल्ड नांवाचें क्रीडोद्यान उघडलें आणि २०२२ सालीं तें बंद झालें. प्रस्तुत लेखक वाकोल्याचा रहिवासी आहे. सांताक्रूझहून आगगाडीनें मालाड, तेथून मार्वे, व पुढें नावेनें पैलतीर, हा प्रवास आमच्या उपनगरांतील एका सबंध पिढीनें केलेला आहे. तेहतीस वर्षांचा काळ मोडी कागद हाताळणाऱ्यास अगदींच थोडा वाटेल. परंतु यंत्रांचे पाळणे, पत्र्याचीं छतें व रंगविलेले पुतळे यांचें आयुष्य खाऱ्या वाऱ्यांत तेवढ्यांत सरतें. तेथेंच शेजारीं २००९ सालीं उद्घाटन झालेला विपश्यना-पॅगोडा आहे. त्याचा खांबाविरहित दगडी घुमट शतकानुशतकें टिकावा या हिशेबानें बांधलेला आहे. एकाच बेटावर हे दोन हिशेब शेजारीं शेजारीं असावेत, हा योग पाहण्यासारखा आहे.

या विषयाकडे लक्ष वळण्याचें निमित्त क्षुल्लक आहे. गेल्या पावसाळ्यापूर्वीं वाकोल्याच्या एका रद्दीवाल्याकडे कांहीं जुनीं बाडें पाहण्यास मी गेलों होतों. बाडें निकामी निघालीं. पण तागडींत एक गठ्ठा चढलेला दिसला. त्यांत निरनिराळ्या प्रदर्शनांचीं व क्रीडोद्यानांचीं माहितीपत्रकें, प्रवेशाचीं तिकिटें आणि कुठल्याशा मंडपाचा निळा नकाशा, इतके जिन्नस होते. नकाशाचा अर्धा भाग आधींच पुड्या बांधण्यांत खर्चीं पडला होता. "यांत जुनें काय आहे?" असें दुकानदारानें विचारलें, आणि मला तत्काळ उत्तर देतां आलें नाहीं. पुढील विवेचन हें त्या प्रश्नाचें उशिरा दिलेलें उत्तर समजावें.

ज्यांस थीम पार्क म्हणतात त्यांतील कांहींत भविष्यकाळ दाखविण्याकरितां म्हणून वास्तु रचलेल्या असतात. सामान्य वास्तु झिजते तेव्हां ती जुनी दिसते, इतकेंच. भविष्यदर्शी वास्तु न झिजतांहि खोटी ठरूं लागते. कारण जो काळ तिनें पुढचा म्हणून दाखविला तो येऊन ठेपतो व निराळाच निघतो. याचें सर्वांत बोलकें उदाहरण अमेरिकेंतील आहे. कॅलिफोर्नियांत ॲनाहाइम येथें १७ जुलै १९५५ रोजीं डिस्नेलँड उघडलें. त्यांतील एका विभागास टुमॉरोलँड, म्हणजे 'उद्यांची भूमि', असें नांव होतें. तेथें १९८६ सालचें जग दाखवावयाचें असा संकल्प होता. हॅलेचा धूमकेतु त्या सालीं परतावयाचा होता. ७६ फूट उंचीचें एक नमुन्याचें चंद्रयान तेथें उभें केलें होतें. १९५७ सालीं मॉन्सँटो कंपनीच्या वतीनें प्लॅस्टिकचें एक 'भविष्यकालीन घर' बांधण्यांत आलें: मधोमध काँक्रीटचा ओटा व त्यावरून चहूंकडे अधांतरीं निघालेलीं चार पांढरीं दालनें. दहा वर्षांत तें घर शिळें झालें, पण मोडकळीस आलें नाहीं. १९६७ सालीं तें पाडावयास घेतलें तेव्हां पाडकामाचा लोखंडी गोळा भिंतीवर आपटून उलट फिरे, आणि एका दिवसाचें म्हणून योजलेलें काम दोन आठवडे चाललें, असें सांगतात. ओटा तर निघालाच नाहीं. तो हिरवा रंगवून बागेंत तसाच ठेवला. आपल्या पोथ्यांत बहुधा याच्या उलट दिसतें: मजकूर शाबूत, कागद मात्र कसरीनें खाल्लेला.

त्याच वर्षीं सबंध विभाग नव्यानें रचला. उंच मार्गावरून संथ चालणारी लहान डब्यांची गाडी त्या वेळीं आली. ती १९९५ सालीं बंद झाली. त्याच मार्गावर १९९८ सालीं वेगवान गाड्या घालून पाहिल्या, त्या दोन-अडीच वर्षांत थांबल्या, आणि रिकामा मार्ग डोक्यावर तसाच राहिला. १९९८ सालचा जीर्णोद्धार मुख्यतः रंगाचा होता. १९७७ पासून शुभ्र असलेला स्पेस माउंटनचा शंकूसारखा डोलारा तांबूस-पितळी रंगांत बुडविला. २००५ च्या सुमारास तो पुन्हां पांढरा झाला होता. म्हणजे लेखनिकानें मूळ अक्षरांवर हरताळ फासून नवीं लिहिलीं, आणि सात वर्षांनीं दुसऱ्यानें हरताळ खरवडून मूळ पाठ वर काढला. पॅरिसजवळच्या उद्यानांत १९९२ सालीं रचनाकारांनीं या फेऱ्यांतून सुटण्याची युक्ति काढली. त्यांनीं आपल्या काळाचें भविष्य न दाखवितां एकोणिसाव्या शतकांतील ज्यूल व्हर्नच्या कल्पनेंतलें भविष्य उभें केलें. जें मुळांतच जुनें, तें शिळें कसें होणार? युक्ति चतुर खरी. पण ती प्रश्न सोडवीत नाहीं, टाळते.

मला याहून बोधक वाटतें तें 'कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस' नांवाचें फिरतें नाट्यगृह. तें १९६४ सालीं न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यांत प्रथम झालें, १९६७ त कॅलिफोर्नियास गेलें, व १९७५ पासून फ्लोरिडांत आहे. एका कुटुंबाच्या घरांत विजेचीं उपकरणें कसकशीं येत गेलीं हें त्यांत चार प्रवेशांत दाखवितात. पहिले तीन प्रवेश गतकाळाचे, म्हणून ते बव्हंशीं कायम राहिले; चौथा चालू काळाचा, म्हणून तो वारंवार पुन्हां लिहिला गेला. १९९४ सालीं लिहिलेला चौथा प्रवेश पुढें इतकीं वर्षें चालला कीं तोहि गतकाळांत जमा झाला. ज्यांनीं शकावल्या पाहिल्या आहेत त्यांस ही रीति ओळखीची वाटेल. मूळ नोंदी एका हातच्या, आणि शेवटल्या पानावर नकलकारानें आपल्या दिवसांच्या चार नोंदी वाढविलेल्या. असें वाढविणें हा अपराध नव्हे. अपराध तेव्हां होतो, जेव्हां वाढविलेला भाग कोणता हें कळूं दिलें जात नाहीं.

कारण हीं भाकितें खोटीं ठरलीं म्हणून त्यांची साक्ष रद्द होत नाहीं. कृष्णाजी अनंत सभासदानें आपली बखर १६९७ सालीं लिहिली. मल्हार रामराव चिटणीसानें शतकाहून अधिक काळानंतर. चिटणीसाच्या बखरींत शिवकालाबद्दल जपून घ्यावें लागतें. पण चिटणीसाचा स्वतःचा काळ शिवकालाकडे कसा पाहत होता, याविषयीं तीच अव्वल साधन आहे. त्याच न्यायानें १९५५ सालचें टुमॉरोलँड १९८६ विषयीं कांहीं सांगत नाहीं. १९५५ सालच्या अमेरिकेची उमेद मात्र तें नेमकी सांगतें.

आतां आपल्या देशाकडे येऊं. स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षीं, १९७२ च्या नोव्हेंबरांत, दिल्लीच्या प्रगति मैदानावर आशियाई व्यापारमेळा भरला. त्यासाठीं वास्तुविशारद राज रेवाल व अभियंते महेंद्र राज यांनीं 'हॉल ऑफ नेशन्स' बांधला. ७८ मीटर अंतरांत मध्यें एकहि खांब नाहीं, अशी ती त्रिकोणी जाळीची रचना होती. परदेशांत अशी जाळी पोलादाची करीत. येथें पोलाद महाग व मजूर स्वस्त, म्हणून ती जाग्यावर ओतलेल्या काँक्रीटची केली. गरिबींतून निघालेली ही कल्पकता जगांत वाखाणली गेली. तरी २०१७ च्या २३ एप्रिलच्या रात्रीं ती इमारत पाडण्यांत आली. दिल्लीच्या वारसा-समितीनें साठ वर्षांहून कमी वयाच्या इमारतींचा विचार करण्यास नकार दिला होता, आणि इमारतीचें वय होतें पंचेचाळीस. पांच वर्षांनीं, २०२२ त, न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयानें दक्षिण आशियाच्या वास्तुकलेचें प्रदर्शन भरविलें, त्यांत तिची प्रतिकृति मांडली होती.

खरी अडचण येथें आहे. आपल्या कायद्यांत प्राचीनत्व वर्षांनीं मोजतात: १९५८ च्या कायद्याप्रमाणें स्मारकास शंभर वर्षें, १९७२ च्या कायद्याप्रमाणें पुराण वस्तूस शंभर, हस्तलिखितास व दस्तऐवजास पंचाहत्तर. भविष्यदर्शी वास्तु जुनाट होण्यास पंधरा वर्षें पुरतात, पण जुनी ठरण्यास तिला साठ किंवा शंभर लागतात. या दोहोंमधील काळांत ती हास्यास्पद असते, आणि त्याच काळांत ती पाडली जाते. मुंबईंत ओव्हल मैदानाच्या पश्चिमेकडील इमारती व इरॉस चित्रपटगृह (१९३८) हीं एके काळीं अद्ययावततेचीं उदाहरणें होतीं. २०१८ सालीं तीं युनेस्कोच्या जागतिक वारसा-यादींत गेलीं. तीं तेथवर पोंचलीं, कारण मधल्या ऐंशी वर्षांत तीं उभीं राहिलीं.

दुरुस्ती करावयाचीच तर कशी करावी, याचें एक चांगलें उदाहरण ब्रुसेल्सचें आहे. १९५८ च्या जागतिक प्रदर्शनासाठीं उभारलेलें १०२ मीटर उंचीचें अ‍ॅटोमियम सहा महिन्यांपुरतें होतें, तें राहून गेलें. अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे काळवंडले तेव्हां २००४ ते २००६ या काळांत त्याच्या नऊहि गोलांस गंज न चढणाऱ्या पोलादाचें नवें कवच घातलें, व जुन्या पत्र्यांचे तुकडे विकून खर्चास हातभार लावला. आकार व तोल यांत फरक केला नाहीं. कुजलेलें पान नव्या कागदावर अक्षरशः उतरून घ्यावें, तसें हें झालें. माझ्या मतें कवच, यंत्रें, विजेच्या तारा हीं खुशाल बदलावींत. आकृति व तिची तारीख मात्र बदलूं नये, आणि काय बदललें याची नोंद वास्तूच्या दप्तरीं ठेवावी.

जेथें वास्तु वांचवितां येत नाहीं, तेथें नकाशे, तिकिटें, माहितीपत्रकें व छायाचित्रें एवढेंच मागें उरतें, आणि तीं आज रद्दीच्या भावानें जात आहेत. पोथ्यांच्या संग्राहकांनीं यांकडे पाहूं नये असें कांहीं कारण मला दिसत नाहीं. आठवलें म्हणजे मोडी दप्तरेंहि एके काळीं पुड्या बांधण्यास जात असत. वर सांगितलेला गठ्ठा मीं वजनाच्या भावानेंच घेतला. तिकिटें सालवार लावून व अर्धा नकाशा सपाट करून एका रुमालांत बांधून ठेवला आहे. ज्यांस पाहण्याची इच्छा असेल त्यांनीं वाकोल्यास अवश्य यावें. नकाशाचा दुसरा अर्धा भाग कोणाच्या पाहण्यांत आल्यास कळवावें.