आधी तुकडा कापा

सकाळी ७.३०. भोसरी. रात्रपाळी सुटली. डाय-कास्टिंगच्या मशीनवर फेरी मारली. नवे सर आधीच हजर. डाय डिझाइनमधली दोन पेटंट त्यांच्या नावावर आहेत. महिन्यापूर्वी रुजू झाले तेव्हाच मी सांगितलं होतं, जुन्या कंपनीचं एकही ड्रॉइंग इथे आणायचं नाही. तुमच्या नजरेत आणि हातात जे मुरलंय, तेच आम्हाला शिकवा.

९.००. रिजेक्शनच्या ढिगातून सरांनी एक हाउसिंग उचललं, कापून घेतलं, कापलेली बाजू घासून भिंगाखाली धरली आणि आमच्या ज्युनिअर इंजिनिअरला बोलावलं.

"छिद्रं कशी दिसतायत, सांग."

"गोल, सर. आतून गुळगुळीत."

"म्हणजे हवा अडकलीय. धातू आकसल्यामुळे पडली असती, तर कडा ओबडधोबड दिसल्या असत्या."

आम्ही सहा महिने धातूचं तापमान बदलत बसलो होतो. एकदाही तुकडा कापला नव्हता.

११.००. प्लंजरचा पहिला टप्पा सावकाश केला, म्हणजे धातूची लाट उलटून हवा पोटात घेणार नाही. तेवढ्यात ऑपरेटर मामा म्हणाले, "साहेब, रात्री डायवर स्प्रेही जास्त मारतात. पाणी राहतं." सरांनी लगेच वहीत लिहून घेतलं. हे त्यांना कुठल्या पेटंटात सापडणार?

१.१५. डबे उघडले. पोरांना गॉर्डन टील यांची गोष्ट सांगितली. बेल लॅब्जमध्ये जर्मेनियमचे एकसंध स्फटिक वाढवण्यात हात बसलेला हा माणूस १९५३मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये गेला. कंपनीने आदल्या वर्षीच ट्रान्झिस्टरचा परवाना घेतला होता, काम शिकायला सुरुवात केली होती. टील यांचं म्हणणं झेलायला तिथे माणसं होती. त्यांनी विलिस अ‍ॅडकॉक यांच्यासारख्या रसायनतज्ज्ञालाही सोबत घेतलं. १० मे १९५४ रोजी डेटनच्या परिषदेत टील यांनी रेकॉर्ड प्लेअरला जोडलेले जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर गरम तेलात बुडवले, तसं गाणं बंद पडलं. त्यांच्या गटाने बनवलेले सिलिकॉनचे बुडवले, तर ते वाजतच राहिलं.

३.००. मीटिंग. सरांना वर केबिन द्यायचा प्रस्ताव आला. मी ठाम नाही म्हणालो. मागे एका जाणत्या माणसाला आम्ही केबिन दिली, वर्षभर रिपोर्ट मागवले. तो गेला आणि कपाटात फायली उरल्या. त्याच्या शेजारी आम्ही कुणालाच उभं केलं नव्हतं, याची खंत मला अजून आहे. सरांचं टेबल मशीनजवळच राहील.

५.३०. दुपारच्या शॉटमधले पाच तुकडे निवडले. या वेळी करवतीवर आमची ज्युनिअर इंजिनिअर होती. सर मागे हात बांधून उभे. तिने भिंग उचललं, बराच वेळ पाहिलं.

"छिद्रं कमी झालीत, सर. पण ही एक कड ओबडधोबड आहे."

सर पुढे वाकले.