पाळीबद्ध लढत

पाळीबद्ध लढत ही भूमिकाप्रधान व्हिडिओ गेममधील युद्धाची एक पद्धत आहे. खेळाडूंच्या बोलण्यात तिचे ‘टर्न-बेस्ड’ हे नाव रूढ आहे. या पद्धतीत दोन्ही पक्षांतील पात्रे एकाच वेळी न झुंजता आपापली पाळी आल्यावर वार, बचाव, मंत्र किंवा औषधोपचार अशी एखादी कृती करतात. खेळाडूचा निर्णय होईपर्यंत शत्रू थांबून राहतो.

मूळ आणि स्वरूप

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यातील फाशांचे हिशेब पुढे संगणकाकडे गेले. जपानमध्ये ‘ड्रॅगन क्वेस्ट’ (१९८६) आणि ‘फायनल फॅन्टसी’ (१९८७) या खेळांनी ही पद्धत लोकप्रिय केली. मराठी वाचकाला तिचे स्वरूप बुद्धिबळापेक्षा सारीपाटावरून अधिक लवकर उमगेल. सारीपाटात दान काय पडेल ते हाती नसते. कोणती सोंगटी पुढे न्यायची, एवढेच हाती असते. येथेही वार लागेल की चुकेल हे बऱ्याच अंशी संगणकाने टाकलेल्या दानावर ठरते, पण तो कोणावर आणि केव्हा करायचा हे खेळाडू ठरवतो.

बलस्थाने

सर्वांत मोठा लाभ सवडीचा आहे. ज्याचे हात मंद चालतात किंवा जो उतारवयात प्रथमच अशा खेळांकडे वळला आहे, तोही येथे तरुणांच्या बरोबरीने खेळू शकतो. या खेळांत मराठी मजकूर सहसा नसतो. इंग्रजी सूचना सावकाश वाचणाऱ्या विद्यार्थ्यालाही त्या समजून घेण्यास अवसर मिळतो. शिवाय चार-पाच पात्रांची तुकडी एकट्याला सांभाळता येते आणि हार झाल्यास कोणता निर्णय चुकला हे शोधता येते. ‘शिन मेगामी टेन्सेई ३: नॉक्टर्न’ (२००३) या खेळात शत्रूच्या मर्मावर घाव बसल्यास जादा कृती मिळते, वार हुकल्यास असलेली संधीही जाते. हा नियम शत्रूलाही लागू असल्यामुळे प्रत्येक निर्णयाला वजन येते.

मर्यादा

जेथे विचार करण्याजोगे काही नसते, तेथे हीच सवड कंटाळवाणी होते. दुबळ्या शत्रूंवर तीच आज्ञा पुनःपुन्हा देत राहणे हा या पद्धतीवरील सर्वांत रास्त आक्षेप होय; मात्र हा दोष पद्धतीपेक्षा रचनाकाराचा अधिक आहे. जपानमध्ये १९९४ साली आलेल्या ‘मदर २’ मध्ये फारच दुबळा शत्रू लढतीविनाच पराभूत होतो.

शत्रूने उभे राहून आपल्या पाळीची वाट पाहणे अनेकांना कृत्रिम वाटते. स्वगत चालू असताना रंगमंचावरील इतर पात्रे गप्प राहतात, तसाच हा एक संकेत आहे. गतीचा आनंद मात्र येथे खरोखरच उणावतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ (२०२०) हा भूमिकाप्रधान नव्हे, तर साहसप्रधान खेळ आहे. त्यात नायिका उड्या घेत, भिंतींवरून धावत असुरांशी लढते. पाळ्या लावल्या तर ती चपळाई उरणार नाही.

‘फायनल फॅन्टसी ४’ (१९९१) मध्ये पाळ्यांना चालत्या घड्याळाची जोड मिळाली. ‘क्लेअर ऑब्स्क्युर: एक्स्पिडिशन ३३’ (२०२५) मध्ये शत्रूच्या पाळीत त्याचा वार चुकवण्यासाठी नेमक्या क्षणी बटण दाबावे लागते. त्यामुळे रंगत वाढते, पण मंद हातांना मिळणारी सवलत घटते. सोप्या स्तरावर ही अट काहीशी सैल केलेली आहे.