ठिणगीचा मुहूर्त
इंग्लंडातील अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ पासून निर्माण झालेल्या एमजीबी या स्पोर्ट्स मोटारीच्या इंजिनात, पेट्रोल व हवा यांचे मिश्रण पेटून त्याचा दाब परमावधीस पोहोचण्यास अल्पसा अवधी लागत असल्याने, पिस्टन माथ्यावर येण्यापूर्वीच, म्हणजे जुन्या नमुन्यांत क्रँकशाफ्ट सुमारे १० अंश मागे असताना, ठिणगी पडावी लागते. ठिणगीच्या या वेळेचे नियंत्रण डिस्ट्रिब्यूटरकडे असते. तथापि तो फिरवण्याची घाई करू नये. आधी त्यातील, उघडताच ठिणगी पाडणाऱ्या, पॉइंटांमधील फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर करावी, कारण फट वाढली की पॉइंट लवकर उघडतात आणि ठिणगीही परभारे अगोदर पडते. हा अनुक्रम उलटवणारा कारागीर माझ्या मते दुप्पट मेहनत करतो. नंतर इंजिन त्या १० अंशांवर स्थिर ठेवून, इग्निशन चालू करून, डिस्ट्रिब्यूटर सावकाश फिरवत, पॉइंटांना जोडलेला चाचणीदिवा ज्या क्षणी लागेल तेथेच डिस्ट्रिब्यूटरचा पट्टा आवळावा.