जुम्मा मशिदीचा कोपरा : गादी गेली, वायदा राहिला पाहिजे

मुंबईत शेख मेमन स्ट्रीट आणि जंजीकर स्ट्रीट जेथे मिळतात, तो कोपरा कापड व्यापाऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. एका बाजूस जुम्मा मशीद, समोर मंगलदास मार्केट, थोडे पुढे गेले की झवेरी बाजार व मुळजी जेठा मार्केट. मशिदीचे बांधकाम १७७५ मध्ये सुरू होऊन १८०२ मध्ये पुरे झाले. आत गोड्या पाण्याचा जुना तलाव आहे. मुळजी जेठा मार्केट १८७४ चे. म्हणजे या कोपऱ्याने आमच्यासारखे किती व्यापारी येताना आणि जाताना पाहिले असतील, याची गणती नाही.

माझे शिक्षण उर्दू माध्यमातून झाले. मराठी मी शाळेत कमी आणि दुकानात जास्त शिकलो. १९८६ साली मॅट्रिक होताच वालिदसाहेबांनी मला गादीवर बसवले. ते स्वतः १९५८ पासून येथे होते. क्रॉफर्ड मार्केटजवळून ट्राम जात असे, ती ३१ मार्च १९६४ रोजी बंद झाली, हे ते तारखेसह सांगत. गज जाऊन मीटर आला तेव्हा जुनी गिऱ्हाइके महिनोन् महिने गजाचाच भाव विचारीत, हेही त्यांच्याकडूनच ऐकलेले.

मी आलो तेव्हा दुकानात पांढरी गादी व तक्के होते. गिऱ्हाईक चपला बाहेर काढून बसत असे. नांदेड, अकोला, हैदराबादचे व्यापारी ईद आणि दिवाळीच्या आधी चार-चार दिवस लॉजमध्ये मुक्काम करीत. दलाल काखेत नमुने घेऊन सकाळपासून फिरत. हातगाड्यांमुळे दुपारी बारानंतर कोपरा ओलांडणे कठीण होई. गाठ पाठीवर घेतलेला हमाल ‘बाजू, बाजू’ ओरडत आला की शेटजींनाही भिंतीला चिकटून उभे राहावे लागे.

पण मोठा बदल त्याआधीच झाला होता. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि बऱ्याच गिरण्या पुन्हा नीट उभ्या राहिल्या नाहीत. कोपऱ्यावर गिरणीचा शिक्का असलेला तागा कमी झाला. त्याची जागा भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागाने आणि सुरतेच्या कृत्रिम धाग्याच्या मालाने घेतली. गिरणीचा भाव छापील असे. यंत्रमागाचा भाव रोज सकाळी ठरू लागला आणि धंदा छापील कागदावरून शब्दावर आला.

शब्दाची किंमत मी १९९७ मध्ये पाहिली. मालेगावच्या एका विणकराकडून आम्ही ग्रे कापड उधारीवर घेतले होते. ते प्रोसेस करून बाहेरगावच्या एका व्यापाऱ्याला दिले. त्याने दुकानच बंद केले. आमचे पैसे बुडाले. मी म्हणालो, ‘आपलेच आले नाहीत तर विणकराला कोठून देणार?’ वालिदसाहेब म्हणाले, ‘त्याने माल आपल्याला विकला, त्या माणसाला नाही.’ अम्मीचे दोन दागिने याच गल्लीच्या पुढच्या टोकाला विकून वायद्याच्या दिवशी रक्कम पोचती केली. त्या विणकराचा मुलगा आजही आम्हाला फोनवर माल देतो.

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला. १९५७ पासून विक्रीकराऐवजी कापडावर जादा अबकारी घेतली जात असल्याने दुकानदाराला कराचे विवरणपत्र ठाऊकच नव्हते. म्हणून अनेक शहरांत कापडबाजार बंद ठेवून विरोध झाला. त्याच दिवशी मुंबईची जकातही संपली. गोदामे भिवंडीला गेलीच होती, आता दुकानात माल ठेवण्याचे कारणही उरले नाही. २०२० च्या टाळेबंदीत गिऱ्हाईक मोबाईलवर फोटो पाहून माल मागवायला शिकले. लॉजमध्ये राहणारा व्यापारी आता क्वचितच येतो. ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो-३ काळबादेवीला थांबते. त्यातून उतरतात त्या बहुतेक ड्रेस मटेरियल घेणाऱ्या भगिनी. त्या एक-दोन सूट घेतात आणि क्यूआर कोडवर पैसे देतात. घाऊक कोपरा किरकोळ झाला आहे.

हातगाड्या कमी झाल्या. आमच्याकडे तीस वर्षे गाठी वाहणारा हमाल गेल्या वर्षी गावी परतला. निघताना त्याने दुकानाच्या उंबरठ्याला हात लावला. त्याच्या पाठीवरून गेलेल्या मालाचा हिशेब आमच्या कोणत्याही वहीत नाही.

आता प्रश्न माझ्या घरी आला आहे. मुलगा म्हणतो, ‘अब्बा, पगडी विकून टाका. भिवंडीत गोदाम वाढवू, विक्री मोबाईलवरून होतेच.’ हिशेब त्याचा बरोबर आहे. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने पगडीची देवघेव कायदेशीर झाली असल्याने अडचणही नाही. पण अनोळखी माणूस लाखाचा माल उधार मागतो तेव्हा तो कोण आहे, हे मी याच कोपऱ्यावर चहा पिताना चार जणांना विचारून घेतो. मोबाईल त्याचा फोटो दाखवतो, दानत दाखवत नाही.

आम्ही असे ठरवले आहे. गादी काढून अर्ध्या जागेत नमुन्यांचे काउंटर करायचे, माल भिवंडीहून थेट पाठवायचा आणि दुकान पाच वर्षे विकायचे नाही. माझी अट एकच : विणकराचे पैसे वायद्याला गेलेच पाहिजेत. सूक्ष्म व लघु उत्पादक म्हणून नोंदणी असलेल्या विणकराचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत देणे कायद्याने बंधनकारक आहे. उशीर केला तर, आकारणी वर्ष २०२४-२५ पासून, तो खर्च रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत आयकरात वजा मिळत नाही. व्यापारी बंधूंनी आपल्या पुरवठादाराची नोंदणी तपासून वायदा लेखी करून घ्यावा.

वालिदसाहेबांना हा कायदा माहीत नव्हता. त्यांचा वायदा तीस दिवसांचा होता आणि एकतिसावा दिवस त्यांनी कधी उजाडू दिला नाही.